बॉनेटवरची पट्टी : लावावी की न लावावी?

लेखमाला : गाडीचे जोडसामान — लेखांक ६

बॉनेटच्या पुढच्या कडेवर बसवलेली, धुरकट रंगाच्या अ‍ॅक्रिलिकची, जरा वर उचललेली पट्टी आपल्याकडे स्कॉर्पिओ, बोलेरो, इनोव्हा अशा गाड्यांवर अधूनमधून दिसते. जोडसामानाच्या दुकानात तिला कोणी बॉनेट गार्ड म्हणते, कोणी बग डिफ्लेक्टर. ती विकताना दोन दावे केले जातात. एक, बॉनेटच्या कडेचा रंग वाचतो. दुसरा, समोरून येणारा वारा पट्टीमुळे वर वळतो आणि त्याच्याबरोबर खडे आणि किडे काचेवरून निघून जातात. नवी गाडी घेणारा माणूस भुलतो तो दुसऱ्या दाव्याला, कारण रंगाचा टवका परवडतो, काच तडकलेली परवडत नाही. माझ्या मते पहिला दावा खरा आहे, पण वीतभर जागेपुरताच. दुसरा खड्यांच्या बाबतीत साफ चुकीचा आणि किड्यांच्या बाबतीत अर्धामुर्धा खरा आहे. हे एकदा पटले की आपल्या रस्त्यांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांना या पट्टीची गरज उरत नाही. ज्या थोड्या गाड्यांना ती उरते, त्यांच्याबद्दलही पुढे सांगतो.

आधी वाऱ्याचा मुद्दा, कारण सगळे त्यावरच उभे आहे. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. पट्टीमुळे वर वळलेल्या हवेचा पट्टा बॉनेटच्या तोंडाशी अर्धा मीटर लांबीचा धरला, तर रस्त्यावरून उडालेला खडा त्या पट्ट्यातून सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पार होतो. त्या अवधीत वर जाणाऱ्या हवेने त्याला ढकलायचे आहे. सेंटिमीटरभर व्यासाच्या खड्याचे वजन साधारण दीड ग्रॅम असते. वर जाणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे चांगला सढळ, धरला तरी ढोबळ हिशेबाने तो खडा अर्धा मिलिमीटरसुद्धा वर सरकत नाही. तो आपल्या वाटेने काचेवर जाऊन आदळतो. हाच हिशेब दोन मिलिग्रॅमच्या डासाला लावा. तो चार-पाच सेंटिमीटर वर जाऊ शकतो, कारण त्याच्या वजनाच्या मानाने त्याचे अंग हवेला पुष्कळ अडते. नाकतोडा दोन-तीन मिलिमीटरच हलतो. म्हणजे जे हलके आणि निरुपद्रवी आहे ते थोडेफार वळते, आणि ज्याची भीती वाटते ते वळतच नाही. पट्टी खड्याला अडवते ते फक्त तो तिच्यावर प्रत्यक्ष आपटला तर. म्हणून ती वारा वळवणारे साधन नसून चिलखताचा एक लहानसा तुकडा आहे, आणि तिचा विचार तसाच करायला हवा.

किड्यांच्या बाबतीत आणखी एक पुरावा इंग्लंडमधून मिळतो. तिथे गाडीच्या नंबरप्लेटवर चिरडलेले किडे मोजून कीटकांची संख्या घटते आहे का, याचा अंदाज घेण्याचे प्रयत्न झाले. २००४ साली पक्षीसंरक्षण करणाऱ्या आरएसपीबी या संस्थेने अशी मोजणी केली आणि २०१९ साली केंट वाइल्डलाइफ ट्रस्टने केंट परगण्यात ती पुन्हा केली. साहजिक शंका अशी होती की, हल्लीच्या गाड्या वारा कापणाऱ्या आकाराच्या असल्यामुळे त्यांच्यावर किडे कमी आपटत असतील. म्हणून दुसऱ्या मोजणीत जुन्या, चौकोनी तोंडाच्या गाड्याही घेतल्या. निष्कर्ष उलटा निघाला. नव्या गाड्यांवर किडे कमी नव्हते, किंचित जास्तच होते. गाडीचे अख्खे तोंड बदलूनही जिथे फरक पडला नाही, तिथे चार बोटांची पट्टी किती फरक पाडेल? (किडे कमी झाल्याचे मात्र त्या मोजणीत स्पष्ट दिसले, आणि ती बातमी या लेखाच्या विषयापेक्षा कितीतरी गंभीर आहे.)

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा : अमेरिका-कॅनडात पिकअप ट्रकवर ही पट्टी वर्षानुवर्षे लावतात, ऑस्ट्रेलियातही लावतात, ते सगळे चुकतात का? चुकत नाहीत. त्यांचे रस्ते पाहिले तर ते बरोबर का आहेत, हे कळते. अलास्कातला डाल्टन हायवे १९७४ साली तेलवाहिनीच्या कामासाठी बांधला गेला. तो सुमारे ६६६ किलोमीटर लांब आहे आणि त्याचा मोठा भाग आजही खडीचाच आहे. त्यावरून मालवाहू ट्रक वेगाने जातात आणि समोरच्या गाडीवर खडीचा मारा होतो. फ्लोरिडा आणि मेक्सिकोच्या आखाताकाठच्या राज्यांचा त्रास वेगळा आहे. तिथे वसंतात आणि पुन्हा उन्हाळा संपता संपता, दरवेळी सुमारे महिनाभर, लव्हबग नावाच्या काळ्या माश्या जोडीजोडीने उडत रस्त्यांवर थवेच्या थवे घेऊन येतात. गाडीवर चिरडलेली लव्हबग ताजी असताना जवळजवळ निरुपद्रवी असते, पण दिवसभर तशीच राहिली तर तिचा चिकटा आम्ल बनतो आणि उन्हात रंगाचा वरचा थर खातो. अशा ठिकाणी बॉनेटच्या कडेवर पुसायला सोपी, बदलता येणारी पट्टी असणे शहाणपणाचे आहे. शिवाय पिकअपचे तोंड उंच आणि उभे असते, त्यामुळे मार नेमका त्या कडेवर बसतो. आपल्याकडच्या उतरत्या बॉनेटच्या हॅचबॅकवर तो बंपर, बॉनेट आणि काच अशा सगळ्या पृष्ठभागांवर वाटला जातो.

आता रंग. गाडीच्या पत्र्यावरचे प्राइमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा थोडी जास्त. खड्याच्या माऱ्याची ताकद वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० वरून १०० वर गेलो की ती पावणेतीनपटीच्या वर जाते. टवका पत्र्यापर्यंत पोहोचला आणि पावसाळा लागला की गंज धरतो. हे नुकसान खरे आहे आणि पट्टी जेवढी जागा झाकते तेवढी जागा वाचते, यात वाद नाही. पण पट्टी आणि बॉनेट यांच्यामध्ये फट असते. तिच्यात धूळ, बारीक वाळू आणि पावसाचे पाणी साचते. पट्टी वेगात थरथरते आणि अडकलेली वाळू पॉलिश पेपरसारखी रंग घासत राहते. दुतर्फा टेपवर चिकटवलेल्या स्वस्त पट्टीत ही घासण सर्वांत वाईट, कारण ती काढून आतून धुता येत नाही. ज्या कडेच्या रक्षणासाठी पट्टी लावली, तीच कड काही वर्षांनी तिच्याखाली निस्तेज झालेली सापडते.

यावर कोणी म्हणेल, गाडी विकताना तरी फायदा होईल, टवके नसलेल्या बॉनेटला भाव जास्त मिळतो. इथेही पट्टी फारशी कामाला येत नाही. उन्हाने बाकीचे बॉनेट फिके होते, गडद पट्टीखालचा भाग तेवढा होत नाही, आणि पट्टी काढल्यावर रंगातला तो फरक उघडा पडतो. पारखी गिऱ्हाईक त्यावरून बॉनेट पुन्हा रंगवले की काय, अशी शंका घेते. रंगाचीच काळजी असेल तर पारदर्शक संरक्षक फिल्म अधिक चांगली. ती १५० ते २०० मायक्रॉन जाडीची, लवचीक आणि पृष्ठभागाला पूर्ण चिकटलेली असते. खड्याचा मार ती स्वतः दबून पसरवते आणि खाली वाळू साचायला जागाच ठेवत नाही. फिल्म महाग पडते ही तक्रार रास्त आहे, पण ती पूर्ण गाडीला लावण्याच्या दरावरून केलेली असते. बॉनेटची पुढची दीड-दोन वीत, आरशांच्या पाठी आणि पुढचा बंपर एवढेच झाकले तरी माऱ्याच्या मुख्य जागा येतात, आणि खर्च संपूर्ण गाडीच्या खर्चाचा एक भागच राहतो.

सुरक्षिततेचा मुद्दा थोडक्यात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून गाड्यांपुढच्या लोखंडी क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितले, कारण ते पादचाऱ्याला जास्त इजा करतात आणि आतल्या माणसांच्या सुरक्षिततेलाही बाधा आणतात. अ‍ॅक्रिलिकची पट्टी म्हणजे क्रॅश गार्ड नव्हे, दोहोंना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण पत्रामागचा विचार पट्टीलाही लागू पडतो. पादचारी आपटला तर बॉनेटचा पत्रा दबून मार सोसेल, अशी रचना निर्माते करतात आणि एआयएस-१०० या भारतीय मानकात डोक्याच्या आकाराचे गोळे बॉनेटवर मारून तेच तपासले जाते. उंच तोंडाच्या एसयूव्हीची पुढची कड लहान मुलाच्या डोक्याच्या पातळीवर येते. तिथे न दबणारी, फुटल्यावर धारदार होणारी वस्तू आपण आपल्या हाताने बसवावी, हे मला पटत नाही. हा मुद्दा मी इतर सगळ्यांपेक्षा मोठा मानतो.

मग पट्टी कोणी लावावी? ज्यांचे रोजचे येणे-जाणे खडी क्रशर, खाण किंवा चालू असलेल्या रस्त्याच्या कामावरून आहे, गाडीचे तोंड उंच आणि उभे आहे, आणि फिल्म बसवणारा चांगला कारागीर जवळपास नाही, त्यांनी विचार करायला हरकत नाही. ठरवण्याआधी गाडी धुऊन, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बॉनेट न्याहाळावे. टवके कडेपासून वीतभरात दाटले असतील तर पट्टीला करण्यासारखे काम आहे. ते बंपरवर, आरशांवर आणि काचेवर विखुरलेले असतील तर पट्टी त्यांतले क्वचितच काही अडवेल. त्यावर उपाय म्हणजे ताडपत्री न घातलेल्या डंपरच्या मागे राहायचे नाही, अंतर वाढवायचे, किंवा सुरक्षित जागा पाहून त्याला पुढे जाऊ द्यायचे. हा उपाय काचेलाही वाचवतो, जे पट्टीला कधीच जमत नाही. आणि लावायचीच ठरली तर स्क्रू आणि क्लिपांवर बसणारी, आपल्याच मॉडेलसाठी घडवलेली घ्यावी. ती टेकते त्या ठिकाणी रंगावर आधी फिल्मचे छोटे तुकडे चिकटवावेत. बसवल्यावर चालकाच्या जागेवरून रस्ता पूर्वीइतकाच दिसतो ना, हे बुटक्या चालकालाही बसवून पाहावे, आणि पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळा संपल्यावर एकदा ती काढून खालची वाळू पाण्याच्या धारेने धुऊन टाकावी.