पासवर्ड ज्याचा त्याच्याकडेच राहावा

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचे बरेचसे कार्यालयीन काम आता पोर्टलवर गेले आहे. पगाराची देयके ‘शालार्थ’मधून निघतात, शाळेची माहिती ‘यूडायस प्लस’वर भरायची असते, प्रशिक्षण ‘दीक्षा’वर मिळते आणि बदलीसाठी शाळांचा पसंतीक्रमही ऑनलाइन द्यावा लागतो. बीड शहरापासून दूर असलेल्या धर्मापुरीसारख्या गावात नोकरी करणाऱ्याचे हेलपाटे यामुळे वाचतात. प्रवास ज्यांना सर्वांत जड जातो, त्या दिव्यांग शिक्षकांना याचा सर्वाधिक लाभ व्हायला हवा. तो होतो की नाही, हे पोर्टलच्या बांधणीवर ठरते. दृष्टिहीन शिक्षक पडद्यावरचा मजकूर एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरवर किंवा मोबाइलमधल्या टॉकबॅकवर ऐकतो. बटणाला कोडमध्ये नाव दिलेले नसेल, तर त्याला नुसते ‘बटण’ ऐकू येते. ते अर्ज जतन करण्याचे की रद्द करण्याचे, हे कळत नाही. शासन निर्णयाची प्रत नुसती स्कॅन करून टाकली, तर स्क्रीन रीडरला त्यात वाचण्याजोगे अक्षर सापडत नाही. कर्णबधिर शिक्षकाला प्रशिक्षणाच्या चित्रफितीत उपशीर्षके लागतात, तर ज्याचे हात नीट चालत नाहीत त्याला माउसशिवाय, केवळ कीबोर्डवर अर्ज पूर्ण करता यायला हवा.

ही सोय मेहेरबानीवर सोडलेली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासकीय नोकऱ्यांत किमान चार टक्के आरक्षण दिले आणि त्याच कायद्याने माहिती व तंत्रज्ञान सुगम करण्याची जबाबदारीही शासनावर टाकली. राजीव रतुरी प्रकरणात नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे निकष ऐच्छिक ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला, तर एप्रिल २०२५ मध्ये प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. बदल्यांच्या धोरणात दिव्यांग शिक्षकांना ‘विशेष संवर्ग भाग-१’मध्ये प्राधान्य आहे. ते प्राधान्य वापरण्याचा अर्जच स्वतः भरता आला नाही, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते.

सहकारी मदत करतातच की, असे यावर सांगितले जाते. करतात, आणि ती माणुसकी मोलाची आहे. पण लॉगिन, पासवर्ड आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती देताना पगार, आजार, बदलीचे मनसुबे असे सगळेच उघडे पडते. बदलीच्या एकाच जागेवर मदतनीसाचाही डोळा असू शकतो. शिवाय अर्जात चूक झाली, तर उत्तर मात्र ज्याचे नाव आहे त्यालाच द्यावे लागते. हे लोक आहेत तरी किती, असाही प्रश्न येतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांच्यापैकी शिकलेल्यांनी शिक्षक व्हावे असे वाटत असेल, तर आजच्या संख्येवरून उद्याची दारे मोजता येणार नाहीत. खर्चाचे म्हणाल, तर बटणाला नाव आणि तक्त्याला शीर्षक देणे आराखड्यातच ठरले तर त्याचे ओझे फारसे नसते. तयार पोर्टल पुन्हा उसवणे महाग पडते. सुरक्षेसाठी कॅप्चा हवाच असेल, तर वेड्यावाकड्या अक्षरांच्या जोडीला ऐकता येणारा किंवा ओटीपीचा पर्याय देता येतो.

बीडमध्ये सोयींच्या गैरफायद्याचा आक्षेप अधिक जोराने घेतला जाईल. २०२३ मध्ये बीड जिल्हा परिषदेने अपंगत्वाच्या टक्केवारीत तफावत आढळलेल्या शिक्षकांना निलंबित केले. अशी पडताळणी व्हायलाच हवी, कारण खोट्या प्रमाणपत्राने खऱ्या दिव्यांगाचीच जागा जाते. पण सुगम पोर्टलमुळे कोणाला गैरफायदा मिळत नाही. बटणाचे नाव ऐकू आल्याने कोणाची बदली होत नाही की कोणाला भत्ता मिळत नाही. खोट्यांच्या रागापायी खऱ्यांच्या वाटेतला दगड तसाच ठेवणे हा न्याय नव्हे.

म्हणून पोर्टल बनवणाऱ्या कंपनीशी करार करतानाच सुगमतेची अट घालावी. दृष्टिहीन, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग शिक्षकांना मानधन देऊन त्यांच्याकडून संपूर्ण अर्ज भरून घ्यावा आणि त्यांना तो कोणाच्याही मदतीविना पूर्ण करता आल्याशिवाय कंपनीचे अंतिम देयक मंजूर करू नये. वर्गात मुलांना स्वावलंबन शिकवणाऱ्या माणसाला शासनाने निदान स्वतःचा अर्ज स्वतः भरू द्यावा.