महाड नगरपालिकेचा ठराव आणि स्थानिक स्वराज्याची मर्यादा

पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात सावित्री नदीकाठी वसलेल्या महाड या जुन्या बंदरात १८६६ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. स्थानिक स्वराज्य संस्थेच्या ठरावाचे सामर्थ्य किती, हा प्रश्न तिच्या इतिहासातून उपस्थित होतो.

सार्वजनिक निधीतून बांधलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे ठरविले. परंतु ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी तळ्याचे पाणी प्राशन करून तो हक्क बजावला. त्यानंतर त्याच वर्षी ४ ऑगस्ट रोजी नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला. बहुमताने दिलेला हक्क बहुमतानेच काढून घेतला.

अस्पृश्यांना मज्जाव करणारी अनादी रूढी सिद्ध होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये दिला. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५(२) ने सार्वजनिक पाणवठ्यांवर जातीवरून होणाऱ्या मज्जावास प्रतिबंध केला. त्यामुळे हा हक्क कोणत्याही नगरपालिकेच्या बहुमतावर अवलंबून राहिला नाही.