पत्र कोणाकडून घ्यावं?

फेब्रुवारी लागला की तिसऱ्या वर्षाची मुलं माझ्या ऑफिसच्या दाराशी घुटमळायला लागतात. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात मी जीवरसायनशास्त्र शिकवते आणि या मुलांना मेडिकलच्या अर्जासाठी शिफारसपत्र हवं असतं. इथे आधी चार वर्षांची पदवी आणि मग मेडिकल. गुण, एमकॅट परीक्षा, निबंध, यांच्या जोडीला शिक्षकांची पत्रं. नीटच्या क्रमांकावर प्रवेश ठरताना पाहिलेल्या आपल्या लोकांना हा प्रकार अनोळखी वाटतो.

बहुतेक कॉलेजांचे अर्ज ॲमकॅस या एकाच यंत्रणेतून जातात. तिथे पत्रांच्या जास्तीत जास्त १० नोंदी करता येतात, म्हणून १० गोळा करणारेही भेटतात. तसं करू नये. अनेक कॉलेजं विज्ञानाचे दोन आणि विज्ञानाबाहेरचा एक अशा प्राध्यापकांची पत्रं मागतात. त्यात संशोधनाच्या मार्गदर्शकाची किंवा ज्यांच्यासोबत काम केलं त्या डॉक्टरची भर घातली की झालं. टेक्सासची यंत्रणा वेगळी, तिथे तीन पत्रं लागतात. काही विद्यापीठांत समिती सगळ्यांची मतं घेऊन एकच पत्र पाठवते.

खरा पेच नावांचा. मराठी घरातली मुलं येतात तेव्हा एक नाव बहुधा घरून ठरून आलेलं असतं: महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भेटणारे, मोठ्या हॉस्पिटलातले सर्जन काका. त्यांनी मुलीला लहानपणापासून पाहिलेलं असतं, पण काम करताना पाहिलेलं नसतं. आमच्या समितीत मी अशी पत्रं वाचते. घर सुसंस्कृत, मुलगी हुशार, नम्र, कष्टाळू. पुढे लिहिणाऱ्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

एका मुलीला माझ्या विषयात बी-प्लस होता, म्हणून ती पत्र मागायला कचरत होती. मला मात्र तिची प्रयोगशाळा आठवत होती. एन्झाइमच्या वेगाचा आलेख वाकडा आला, तेव्हा जोडीदार म्हणत होता, दोन आकडे गाळून टाकू. ती संध्याकाळपर्यंत थांबली, पिपेट तपासलं, नवं द्रावण करून प्रयोग पुन्हा लावला आणि जुने आकडेही वहीत तसेच ठेवले. हे सगळं जवळून पाहिलं ते प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या टीएने, म्हणजे टीचिंग असिस्टंटने. मोठ्या वर्गात प्राध्यापकापेक्षा टीए मुलांना जास्त ओळखतो. पत्र त्याने लिहिलं, मी माझी निरीक्षणं घालून सोबत सही केली. इथे ही पद्धत मान्य आहे. वर्षभर तोंड न उघडता ए मिळवणाऱ्याबद्दल मी असं पत्र लिहू शकत नाही.

विचारण्याचीही रीत आहे. "पत्र द्याल का?" याला भिडेपोटी होकार मिळतो. "माझ्याबद्दल भक्कम पत्र लिहिण्याइतकं तुम्ही मला ओळखता का?" असं विचारलं की शिक्षकाला नाही म्हणायची वाट राहते. मी काहींना नाही म्हटलं आहे. चेहरे उतरतात, पण माझ्या मिळमिळीत पत्रापेक्षा तो नकार त्यांच्या जास्त कामाचा असतो.

विचारावं ते मार्चच्या आत, कारण मेमध्ये सत्र संपून शिक्षक पांगतात. अर्ज पत्रांविना सादर होतो, त्याची पडताळणीही होते. पण पत्रं पोचेपर्यंत बहुतेक कॉलेजं फाईल पूर्ण धरत नाहीत.

१९७४च्या फर्पा कायद्याने विद्यार्थ्याला पत्र पाहण्याचा हक्क आहे आणि अर्ज करताना बहुतेक जण तो सोडतात. पालकांना ते पटत नाही. माझ्या मते सोडावा. विद्यार्थ्याने न वाचलेल्या पत्रावर समितीचा विश्वास बसतो. म्हणूनच लिहिणारा असा निवडावा, ज्याचं पत्र न वाचताही झोप लागेल.

पालकांना माझी एक विनंती आहे. ओळखीच्या डॉक्टरांना फोन करण्याआधी मुलाला विचारा, वर्गाबाहेर कोणत्या शिक्षकाला जाऊन भेटतोस. "कुणालाच नाही" असं उत्तर आलं आणि तो अजून पहिल्या वर्षात असेल, तर पुढच्या आठवड्यापासून जायला सांगा.