विश्लेषण : एकाच वर्षात तीनदा ‘महाराष्ट्र केसरी’… खरा विजेता ठरवायचा कसा?

वारज्याला लागून असलेल्या कोथरूडमध्ये जानेवारी २०२३ मध्ये ‘महाराष्ट्र केसरी’चा आखाडा रंगला होता. त्याच वर्षी ही गदा आणखी दोनदा दिली गेली. गदा एकच मानाची, मग दावेदार अनेक कसे?

स्पर्धेची पद्धत काय?

१९६१ मध्ये औरंगाबादला ही स्पर्धा सुरू झाली आणि दिनकर दह्यारी पहिले विजेते ठरले. जिल्हे व शहरांचे संघ निवड चाचणीतून आपले मल्ल पाठवतात. माती आणि गादी अशा दोन विभागांत स्वतंत्र लढती होतात आणि दोन्ही विभागांचे विजेते अंतिम फेरीत भिडतात. ही अंतिम कुस्ती गादीवर होते.

दोन विजेते कशामुळे?

२०२२ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद बरखास्त केली. त्यानंतर परिषद आणि कुस्तीगीर संघ असे दोन गट उभे राहिले आणि वाद न्यायालयात गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुण्याजवळच्या फुलगावात एका गटाची, तर धाराशिवला दुसऱ्या गटाची स्पर्धा झाली. फुलगावात सिकंदर शेखने शिवराज राक्षेला हरवले. त्याच महिन्यात धाराशिवमध्ये शिवराजने हर्षवर्धन सदगीरला नमवून गदा उचलली. २०२५ मध्येही हेच घडले. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, तर मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके ‘महाराष्ट्र केसरी’ झाला.

पंचांचे निर्णय वादात का?

कोथरूडला माती विभागाच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडला बाहेरील टांग डावावर दिलेल्या चार गुणांवरून गदारोळ झाला. डाव पूर्ण बसला नव्हता, असे सिकंदरच्या समर्थकांचे म्हणणे होते. अहिल्यानगरला गादी विभागाच्या अंतिम लढतीत शिवराजला चितपट ठरवण्यात आले. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असा त्याचा दावा होता. रागाच्या भरात त्याने पंचांना लाथ मारली. पुढे अंतिम कुस्ती अर्धवट सोडणाऱ्या महेंद्रसह त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. लाथेचे समर्थन होऊच शकत नाही. पण निर्णयाचे चित्रीकरण तिथल्या तिथे सर्वांना दाखवले असते, तर संशयाला जागा उरली नसती.

मल्लांचे काय पणाला लागते?

इथे प्रश्न केवळ मानाचा नाही. नरसिंग यादव आणि विजय चौधरी या तीन वेळच्या विजेत्यांना पोलीस उपअधीक्षकपद मिळाले. शेतकरी कुटुंबातला मुलगा तालमीत वर्षानुवर्षे खुराकाचा खर्च सोसतो, तो याच आशेवर. एका वर्षात दोन केसरी झाले, की दोघांच्याही किताबाचे वजन घटते.

इतरत्र असा पेच सुटला का?

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये राष्ट्रीय विजेता अनेक दशके पत्रकार आणि प्रशिक्षकांच्या मतांवर ठरत असे. २००३ च्या हंगामात लुइझियाना स्टेट आणि सदर्न कॅलिफोर्निया असे दोन विजेते झाले. अखेर २०१४ पासून चार आणि २०२४ पासून बारा संघांची बाद फेरी आली. कोणाला प्रवेश द्यायचा, यावर तिथे आजही भांडण होते. पण शेवटचा सामना एकच असतो आणि त्याचा विजेता सर्वांना मान्य होतो.

मग उपाय काय?

दोन्ही गट एकत्र येणे हा सरळ मार्ग. तोवर दोन्ही स्पर्धांच्या विजेत्यांत एक निर्णायक कुस्ती लावता येईल. त्यासाठी दोघांनाही मान्य असलेले तटस्थ पंच हवेत, चितपटीसह प्रत्येक वादग्रस्त निर्णयाची चित्रफीत तपासण्याची सोय हवी आणि नियम स्पर्धेआधी लेखी जाहीर व्हायला हवेत. अंतिम कुस्ती कायम गादीवरच का, या मातीतल्या मल्लांच्या प्रश्नालाही उत्तर द्यावे लागेल. आलटून पालटून दोन्हींवर ती खेळवणे हा एक पर्याय आहे. संघटनांची कुस्ती कोणीही जिंकली, तरी तिची किंमत आज मल्लच मोजत आहेत.