गोळी, चहा आणि पहाटेची लोकल

वाचलेलं पान दहा मिनिटांत डोक्यातून गायब? लेक्चरला लक्ष लागत नाही, दिवसभर नुसती मरगळ? घरच्यांचं निदान ठरलेलं: मोबाइल कमी कर! बऱ्याचदा ते बरोबरही असतं म्हणा. पण कधीकधी कारण गळ्यातल्या फुलपाखरासारख्या ग्रंथीत असतं, थायरॉइडमध्ये.

ही ग्रंथी हार्मोन कमी बनवू लागली की शरीराबरोबर मेंदूही मंदावतो. विसरायला होतं, थंडी वाजते, पाळी बिघडते. उदासी तर इतकी की डिप्रेशनच वाटावं. मुंबई आणि गोव्यासह आठ शहरांतल्या, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण 11 टक्के प्रौढांमध्ये हा त्रास आढळला. बायकांमध्ये प्रमाण जास्त, पण मुलगेही सुटत नाहीत.

उपाय म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, शरीर बनवतं तेच हार्मोन गोळीतून. गोळी छोटीशी, पण नखरे फार! उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा ते एक तास काही नाही. आता कर्जत-खोपोलीकरांनो, तुम्हीच सांगा, हे जमतं कुणाला? सीएसएमटी कर्जतपासून 100 किलोमीटर. उठलं की गोळी, लगेच चहा आणि पळा स्टेशनवर. चहा-कॉफीमुळे गोळी नीट शोषली जात नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत तर चार तासांचं अंतर हवं. मग ऑफिसात आकडे चुकतात, नावं आठवत नाहीत, आणि 'गोळी घेऊनही काही फरक नाही' म्हणत माणूस स्वतःलाच आळशी ठरवतो.

पहाटे जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री, जेवणानंतर तीन तासांनी घेता येते. खालापूरच्या कारखान्यांत शिफ्ट करणाऱ्यांनी तर हे जरूर विचारावं. फरक मात्र हळूहळू पडतो. म्हणून टीएसएच पुन्हा तपासायला सहा ते आठ आठवडे थांबतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात चमत्कार नाही होणार, सॉरी!

आणि हो, ही हुशारीची गोळी नाही. रिपोर्ट नॉर्मल असताना घेतली किंवा डोस जास्त झाला, तर धडधड, हातांना कंप, झोपेचं खोबरं.

आज घरी आईचा गोळ्यांचा डबा बघा. थायरॉइडची आणि कॅल्शियमची गोळी सकाळच्या एकाच कप्प्यात असेल, तर ती दोन्ही एकदम घेते का, एवढं विचारा.