वरून खाली उतरणारी खाण

संपादकांनी मला वाघोलीकडे पाठवलं होतं ते क्रशरच्या धुळीवर लिहायला. पण पुणे-नगर रस्त्यावरून आत वळल्यावर पहिल्याच खाणीच्या काठावर जी थांबले, ती दुपारपर्यंत तिथून हलले नाही. समोर चार पायऱ्यांचा काळा कडा होता आणि सगळ्यात वरच्या पायरीवर पन्नाशीचा एक मुकादम पहारीने दगड ठोकत चालला होता. एक ठोका, मग कान देऊन उभा, मग पुढचा ठोका.

आदल्या संध्याकाळी सुरुंग उडवले होते. सुरुंगाने जेवढा दगड पडतो, त्याहून थोडा जास्त हलतो आणि तिथेच चिकटून राहतो. मुकादम तोच शोधत होता. पहार खणखणीत वाजली तर दगड मागच्या खडकाला धरून आहे. बद्द वाजली तर मागे फट आहे. “बद्द वाजला ना ताई, की खाली कोणाला जाऊ द्यायचं नाही. आधी तो पाडायचा,” तो म्हणाला. कमरेला दोर होताच. एका कडेला, पक्क्या खडकावर पाय रोवून त्याने पहारीचं टोक फटीत घातलं, दोनदा रेटलं आणि कपाटाएवढा धोंडा खालच्या पायरीवर येऊन थांबला. तो तिथे थांबला, कारण तिथे पायरी होती. पोकलेन बंद होतं. मुकादमाने हात हलवेपर्यंत ऑपरेटर केबिनमध्ये चढला नाही.

आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. दिसतो अखंड, पण निवताना त्याला उभ्या भेगा पडल्या आहेत आणि दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी लाल मातीचा पट्टा असतो. पावसाचं पाणी भेगांतून उतरतं, त्या पट्ट्यापाशी अडतं आणि त्याला मऊ करतं. पट्टा झिजला की वरचा कठीण दगड अधांतरी. उन्हाळाभर उभा राहिलेला कडा ऐन पावसाळ्यात खाली येतो तो यामुळे. मध्येच मांजऱ्या खडक लागतो, पोकळ्यांचा. वाघोलीचा निळा कॅव्हनसाइट अशाच पोकळ्या-भेगांतून निघून जगभरच्या संग्रहांत गेला. संग्राहक ज्या पोकळीच्या मागावर असतात, ती मुकादमाच्या पहारीला बद्दच लागते.

१९६१ च्या मेटॅलिफेरस माइन्स नियमावलीनुसार कठीण खडकात पायरी ६ मीटरपेक्षा उंच नसावी, मुरुमात दीड मीटरपेक्षा. काठापासून ३ मीटरच्या आत सुटा दगड किंवा झाड ठेवायचं नाही. खालून पोखरून वरचा दगड लटकत ठेवायला मनाई आहे. पण खरी गोम क्रमात आहे. आधी माती आणि मुरूम मागे सरकवायचा, मग पहिली पायरी मागे न्यायची, आणि ती पुरेशी मागे गेल्यावरच खाली दुसरी काढायची. एकदा तळातून दगड ओढायला सुरुवात झाली, की वरच्या टोकाशी यंत्र पोचायला जागाच उरत नाही. मग कितीही पैसे घाला, पायऱ्या नंतर काढता येत नाहीत.

मग लोक हे का टाळतात? मी कागदावर गणित मांडून पाहिलं. १ हेक्टरची चौरस जागा, २४ मीटर खोली, ६ मीटर उंच आणि तेवढ्याच रुंद पायऱ्या. सरळ खाली गेलं तर २ लाख ४० हजार घनमीटर दगड निघतो. पायऱ्या सोडल्या तर सुमारे १ लाख ६६ हजार. तिसऱ्या हिश्श्याला थोडा कमी दगड कड्यातच राहतो आणि तळाला ६४ मीटर लांबी-रुंदी उरते. डंपरच्या रस्त्याला १६ मीटरला १ मीटर असा चढ धरला, तर २४ मीटर वर यायला ३८४ मीटर रस्ता लागतो. तो या चौकोनात बसवायचा कुठे? छोट्या खाणपट्ट्यात नियम पाळणाऱ्याचं नुकसान शेजाऱ्यापेक्षा जास्त होतं, हे मुकादमानेही मान्य केलं. शेजारची खाण त्याने बोटाने दाखवली: एकच सरळ भिंत, वर मुरुमात बाभळीची उघडी मुळं, तळाला पाणी. तिथे आता काम चालत नाही. पोरं पोहायला जातात.

म्हणून माझं म्हणणं आहे, की लागून असलेल्या छोट्या पट्ट्यांचा आराखडा एकत्र व्हावा. रस्ता सामाईक असावा, पायऱ्या एका पातळीत असाव्यात, आणि हा नकाशा पट्टा देण्याआधी तयार असावा. तुमच्या गावाजवळ खाण असेल तर लांबूनच एकदा कड्याकडे बघा. पायऱ्या दिसल्या नाहीत, तर तहसील कार्यालयात लेखी कळवा, आणि ते मे महिन्यात कळवा.