बारावीनंतर काय? कागदपत्रं आधी, बेत मग

अहेरी : बारावीची परीक्षा संपली की आमच्याकडची पोरं तीन बेत सांगतात. पोलीस भरती, आयटीआय, नाहीतर सुरजागडच्या खाणीवर काम. शेतीचं शिक्षण घेईन म्हणणारा क्वचितच. वास्तविक कृषी पदविका दहावीनंतरही करता येते. मी तीच केली. विज्ञान घेऊन बारावी झालेल्याला कृषी पदवीची वाट मोकळी आहे. मात्र तिच्या सीईटीचा अर्ज निकालाआधीच भरावा लागतो, हे ध्यानात ठेवावे.

पुष्कळदा गाडी अडते ती गुणांवर नव्हे, कागदांवर. आदिवासी मुलाला राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मोलाचा : आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, जमिनीची जुनी नोंद. विज्ञानाच्या मुलाने बारावीत असतानाच शाळेमार्फत अर्ज करावा. पालकांनो, धानाची मळणी आटोपली की हे काम हाती घ्या. तलाठी-ग्रामसेवक बंधूंनीही दाखल्यांसाठी हेलपाटे घालायला लावू नयेत. एका कागदापायी हुकलेली जागा पुढच्या वर्षी मिळेलच असे नाही.